आंबवलेले सोयाबीन आणि प्रथिनांचे कुपोषण: काय साधते, काय साधत नाही, आणि टेम्पे नेमके कसे लावायचे

प्रश्न असा आहे: प्रथिने कमी पडल्यामुळे वाढ खुंटलेल्या मुलांसाठी टेम्पे, नाट्टो, किनेमा यांसारखे आंबवलेल्या सोयाबीनचे पदार्थ उपाय म्हणून वापरता येतील का? आणि दूध, अंडी, मासे नियमित मिळत नाहीत अशा ठिकाणी ते थोड्या प्रमाणावर कसे तयार करायचे?

वापरता येतील, पण दोन अटींवर. मूल अतितीव्र कुपोषित नसावे, आणि त्याच्या पोटात आधी पुरेशा कॅलरी जात असाव्यात. या अटी सोडल्या तर चांगला पदार्थही वाया जातो, प्रसंगी अपायही होतो. म्हणून कृतीआधी त्यांच्याबद्दल.

आधी कॅलरी, मग प्रथिने

शरीराला ऊर्जा कमी पडली की आलेले प्रथिन बांधणीला न वापरता ते इंधन म्हणून जाळले जाते. अर्धपोटी मुलाला वाटीभर टेम्पे दिले तर त्यातले बरेचसे असेच खर्ची पडते. गेल्या शतकाच्या मध्यावर जगभरच्या पोषण कार्यक्रमांनी सगळे लक्ष प्रथिनांवर केंद्रित केले होते. १९७४ साली पोषणतज्ज्ञ डोनाल्ड मॅक्लॅरेन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर कडक टीका केली आणि त्यानंतर भर एकूण अन्नाकडे वळला. लंबक थोडा जास्तच दुसरीकडे गेला, असे माझे मत. जिथे रोजचे खाणे म्हणजे जवळजवळ नुसते तांदूळ, मका किंवा कंदमुळे आहेत, तिथे पोट भरूनही लायसिनसारखी आवश्यक अमिनो आम्ले (प्रथिन ज्यांपासून बनते ते घटक) कमी पडतात. आंबवलेल्या सोयाबीनची खरी जागा तिथे आहे.

आकडे पाहिले तर चित्र स्पष्ट होते. २००७ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार दोन वर्षांच्या निरोगी मुलाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ०.९७ ग्रॅम चांगल्या प्रतीचे प्रथिन लागते. ११ किलोच्या मुलाला म्हणजे जेमतेम ११ ग्रॅम. ऊर्जा मात्र ९०० किलोकॅलरींच्या आसपास लागते. मागे पडलेली वाढ भरून काढताना दोन्ही गरजा वाढतात. तेव्हा एकूण कॅलरींपैकी १० ते १२ टक्के प्रथिनांतून यावे, असे धरून चालावे.

अतितीव्र कुपोषण: इथे टेम्पे नाही

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल, उंचीच्या मानाने वजन उणे ३ एसडीच्या (प्रमाण विचलनाच्या) खाली असेल, किंवा दोन्ही पावलांवर अंगठ्याने दाबल्यावर खड्डा राहत असेल, तर ते मूल अतितीव्र कुपोषित आहे. त्याला उपचार केंद्राच्या देखरेखीखालीच खायला घालायचे. भूक मेलेली असेल, सूज असेल, ताप किंवा जुलाब असतील तर दाखलच करायचे.

सूज आलेल्या मुलाला बघून ‘प्रथिने कमी आहेत, तर प्रथिने भरा’ असे वाटणे स्वाभाविक आहे, पण सुरुवातीच्या दिवसांत ते जिवावर बेतू शकते. यकृत आणि मूत्रपिंडे त्या वेळी प्रथिनांचा भार पेलण्याच्या स्थितीत नसतात आणि रक्तातल्या क्षारांचे गणितही कोलमडलेले असते. म्हणून रुग्णालयात आधी एफ-७५ हे दूध देतात. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी आणि प्रथिन फक्त ०.९ ग्रॅमच्या आसपास असते. भूक परतली, सूज उतरू लागली की एफ-१०० किंवा तयार उपचारात्मक पेस्ट येते. एफ-१०० मध्ये प्रथिन २.९ ग्रॅमवर जाते. घरच्या टेम्पेला या टप्प्यात जागा नाही. केंद्रातून घरी आल्यानंतर मूल पुन्हा घसरू नये यासाठी, मध्यम कुपोषित मुलांसाठी, आणि गरोदर व स्तनदा मातांसाठी टेम्पे उपयोगी आहे.

आंबवल्याने नेमके काय बदलते

आंबवल्याने प्रथिन वाढते हा मोठा गैरसमज आहे. टेम्पे आंबवणारी बुरशी काही हवेतून प्रथिन तयार करत नाही. एक किलो कोरड्या सोयाबीनमध्ये साधारण ३६० ग्रॅम प्रथिन असते. त्याचे १.६ ते १.८ किलो टेम्पे होते आणि त्यात १९ टक्क्यांच्या आसपास प्रथिन असते. हिशेब केला तर ३२० ग्रॅम हाती लागते. उरलेले भिजवण्याच्या आणि उकळण्याच्या पाण्यात आणि टरफलात गेले. कोरड्या वजनाच्या टक्केवारीत ते थोडे वाढल्यासारखे दिसते, कारण बुरशीने कर्बोदके आणि स्निग्धांश वापरलेले असतात.

मग खटाटोप कशासाठी? कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक विकराला (एन्झाइमला) अडवणारे घटक असतात. नुसते कच्चे सोयाबीन खाणाऱ्या प्राण्यांची वाढ नीट होत नाही आणि शिजवल्यावर सुधारते, हे ऑस्बोर्न आणि मेंडेल या संशोधकांनी १९१७ सालीच दाखवले होते. हे काम उष्णता करते, बुरशी नाही. भिजवलेले दाणे अर्धा तास खळाखळा उकळले की हे घटक बहुतांश निकामी होतात. पोटात वायू धरायला लावणाऱ्या रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्कराही मुख्यतः टाकून दिलेल्या पाण्याबरोबर जातात. पाणी टाकायला जीव होत नाही म्हणून त्यातच शिजवणाऱ्यांची मुले पोट धरून बसतात, त्याचे कारण हे.

बुरशीचे स्वतःचे काम तीन प्रकारचे. पहिले, तिची विकरे प्रथिनांचे लांब रेणू तोडून लहान करतात, दाण्याच्या पेशीभिंती सैल करतात. त्यामुळे जो दाणा तासन्‌तास शिजवूनही लहान मुलाला चावत नाही, तो वीस मिनिटांच्या वाफेवर कुस्करता येतो. इंधनाची बचत होते, आणि आतडे कमकुवत असलेल्याला अर्धे काम झालेले अन्न मिळते. दुसरे, फायटेज या विकरामुळे फायटिक आम्ल बरेच कमी होते. लोह आणि जस्त अडवून ठेवणारा घटक हाच असल्याने धान्यावर जगणाऱ्या मुलांसाठी हा फायदा प्रथिनांइतकाच मोलाचा आहे. तिसरे, रायबोफ्लेविन, नायसिन, फोलेट यांसारखी ब गटातली जीवनसत्त्वे वाढतात.

जुलाबांबाबतही काही आधार आहे. दुसऱ्या महायुद्धात जावातल्या जपानी छावण्यांत आमांशाने बेजार झालेल्या कैद्यांना नुसते शिजवलेले सोयाबीन पचत नव्हते, टेम्पे पचत होते, अशी नोंद आहे. पुढे नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या संशोधकांना प्रयोगशाळेत असे दिसले की टेम्पेचा अर्क जुलाब घडवणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंना आतड्याच्या पेशींना चिकटू देत नाही. मात्र एवढ्यावरून टेम्पेला जुलाबावरचे औषध म्हणू नये. क्षारसंजीवनी आणि जस्त यांची जागा ते घेत नाही. पण जुलाबातून उठलेल्या मुलाला पचणारे अन्न म्हणून ते नक्की चालते.

ब-१२ बद्दल सावध राहा. पारंपरिक टेम्पेत कधी कधी ते सापडते, ते क्लेब्सिएला किंवा सिट्रोबॅक्टर गटातल्या सोबतच्या जिवाणूंमुळे. बुरशी ते बनवत नाही. शुद्ध विरजणाने केलेल्या टेम्पेत ते नाहीच असे समजून ब-१२ ची वेगळी सोय करावी.

कोणता पदार्थ निवडायचा

सोया सॉस, मिसो हे आंबवलेलेच आहेत, पण या कामाचे नाहीत. मोठा चमचाभर सोया सॉसमध्ये जेमतेम १ ग्रॅम प्रथिन आणि ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असते. मिसोत प्रथिन १२ टक्के असले तरी मीठही जवळजवळ तेवढेच. प्रथिनांसाठी हे पदार्थ खाऊ घालणे म्हणजे मुलाला मीठ पाजणे.

उरतात दोन कुळे. एक बुरशीचे, म्हणजे इंडोनेशियातले टेम्पे. दुसरे बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचे: जपानचा नाट्टो, पूर्व नेपाळ, दार्जिलिंग आणि सिक्कीममधला किनेमा, मणिपूरचे हवाइजार, मेघालयचे तुंगरिंबाई, नागालँडचे अखुनी. दोन्ही कुळांत मिठाची गरज नसते आणि प्रथिन भरपूर असते. जिथे किनेमा किंवा हवाइजार लोकांच्या तोंडी आधीपासून आहे, तिथे तेच वापरावे. नवा पदार्थ रुजवण्याच्या फंदात पडू नये. जिथे यातले काहीच माहीत नाही तिथे टेम्पे सोपे, कारण त्याला उग्र वास नाही, तार सुटत नाही आणि ते कशातही मिसळते.

टेम्पे लावण्याची कृती

एक किलो कोरड्या सोयाबीनचे प्रमाण सांगतो. दाणे त्या वर्षीच्या पिकातले घ्या. जुने दाणे भिजून फुगत नाहीत, आतून कडक राहतात. बुरशी लागलेले, सुरकुतलेले, काळपट दाणे निवडून टाका.

टरफल काढणे हे सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात महत्त्वाचे काम. टरफल राहिले तर बुरशीचे धागे दाण्यात शिरत नाहीत. सोपा मार्ग म्हणजे कोरडे दाणेच गिरणीवर किंवा जात्यावर भरडून दोन फाका करून घेणे आणि पाखडणे. ते जमत नसेल तर रात्रभर भिजवून दोन्ही हातांनी चोळायचे, पाणी भरायचे, वर तरंगलेली टरफले ओतून द्यायची, असे पाच-सहा वेळा. शेकडा पाच-दहा दाण्यांची टरफले राहिली तर बिघडत नाही.

भिजवणे १२ ते १८ तास, दाण्यांच्या तिप्पट पाण्यात. उबदार हवेत हे पाणी स्वतःहून आंबते. वर थोडा फेस येतो, वास आंबटसर होतो. हे हवेच आहे, कारण आंबट झालेल्या दाण्यावर नको असलेले जिवाणू वाढत नाहीत आणि बुरशीला आंबटपणा चालतो. थंड हवेत आंबणे होत नाही, तिथे पुढे सांगितलेला व्हिनेगर टाळू नये.

भिजवलेले पाणी टाका, नव्या पाण्यात ४५ ते ६० मिनिटे उकळा. दाणा दाताखाली सहज दबला पाहिजे पण त्याचा लगदा होता कामा नये. लगदा झाला की दाण्यांमधली हवेची जागा बुजते आणि बुरशी गुदमरते. उकळलेले पाणीही टाका.

आता निथळणे आणि सुकवणे. टेम्पे बिघडण्याच्या निम्म्याअधिक घटना इथल्या घाईमुळे होतात. चाळणीत निथळून दाणे स्वच्छ कापडावर एका थरात पसरा. गरम असतानाच ४ ते ५ मोठे चमचे साधे व्हिनेगर शिंपडून कालवा. मग वारा लागू द्या, अधूनमधून हलवा. मूठभर दाणे तळहातावर घेऊन मूठ आवळा आणि सोडा: तळहात ओला चमकत असेल तर अजून थांबा, नुसता दमट वाटला आणि दाणे एकमेकांना न चिकटता सुटे पडले, की झाले. दाण्याचा पृष्ठभाग कोरडा आणि आतला भाग ओला, अशी स्थिती हवी.

दाणे ३५ अंश सेल्सिअसच्या खाली आले की विरजण घाला. मनगटाला लावल्यावर गरम न लागणारे, इतपत थंड. विरजण म्हणजे रायझोपस ओलिगोस्पोरस या बुरशीचे बीजाणू, बहुधा तांदळाच्या पिठात मिसळलेले. एका किलोला एक ते दोन लहान चमचे पुरतात. पाकिटावर वेगळे प्रमाण असेल तर ते पाळा. पूर्ण दोन मिनिटे कालवा, कारण जिथे बीजाणू पोचणार नाहीत तिथे दुसरे काहीतरी उगवेल. पावावर किंवा शिळ्या भातावर आलेली बुरशी विरजण म्हणून कधीही वापरू नका. इंडोनेशियात जास्वंदाच्या कुळातल्या झाडाच्या पानांवर बीजाणू जोपासून विरजण टिकवतात, पण तिथे बघून ओळखणाऱ्यांचे डोळे तयार आहेत. नवख्याने खात्रीच्या ठिकाणचे शुद्ध विरजणच घ्यावे.

पूर्वापार केळीच्या पानात बांधतात. पान नसेल तर साध्या पॉलिथिनच्या पिशव्या चालतात; १९६० च्या दशकात अमेरिकेत हेसेल्टाइन आणि सहकाऱ्यांनी भोके पाडलेल्या पिशव्यांची पद्धत नीट बसवली. पिशवीला दोन्ही बाजूंनी दर सेंटिमीटरला सुईने भोक पाडा. दाणे भरून थर २ ते ३ सेंटिमीटर जाड राहील असे चपटे दाबा. त्याहून जाड नको.

ठेवण्याची जागा ३० ते ३२ अंशांची. थर्मोकोलच्या खोक्यात गरम पाण्याच्या बाटल्या किंवा कमी वॅटचा बल्ब ठेवून हे साधते. पिशव्या जाळीवर ठेवा, खालूनही हवा लागली पाहिजे. पहिले १० ते १४ तास काहीच दिसत नाही. पिशवीच्या आत थोडे बाष्प धरते, एवढेच. त्यानंतर पांढरी झाक येते आणि टेम्पे स्वतःच तापू लागते. इथून पुढे बाहेरची ऊब बंद करायची, पिशव्या एकमेकींपासून दूर सरकवायच्या, खोक्याचे झाकण किलकिले करायचे. आतले तापमान ४० च्या वर चढले की बुरशी मरगळते आणि उष्णता आवडणारे जिवाणू ताबा घेतात. विरजण, पाणी, दाणे सगळे बरोबर असूनही २० व्या तासाला माल नासतो तो बहुतेक यामुळेच.

२४ ते ३६ तासांत वडी तयार होते. ती कडेला धरून उचलली तर वाकत नाही, तुटत नाही. सुरीने अर्धा सेंटिमीटरचा काप काढला तर दाणे गळत नाहीत, आणि कापाच्या आतही दाण्यादाण्यांमध्ये पांढरा कापसासारखा भराव दिसतो. वास ताज्या अळंब्यांसारखा. भोकांभोवती करडे-काळे ठिपके दिसले तर घाबरू नका, ते त्याच बुरशीचे बीजाणू आहेत, हवा जास्त लागल्याने लवकर आले.

बिघाड ओळखायला नाक आणि डोळे पुरेसे आहेत. अमोनियाचा झणका आणि दाण्यांवर बुळबुळीत तार म्हणजे बॅसिलस वाढला: दाणे ओले राहिले किंवा उष्णता चढली. टाकून द्या. ३० तासांनंतरही पांढरे काहीच नाही आणि वासही नाही, तर विरजण मेलेले होते किंवा गरम दाण्यांत घातले गेले. कडा पांढऱ्या आणि मध्य कोरा असेल तर थर जाड झाला किंवा भोके कमी पडली. सगळे वेळेआधीच काळे पडले तर भोके जास्त झाली. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी डाग दिसला तर तेवढा भाग कापून बाकीचे वाचवण्याचा मोह टाळा, संपूर्ण वडी टाका. कुपोषित मुलांसाठीच्या अन्नात काटकसरीची ही जागा नव्हे.

तयार झालेले टेम्पे जिवंत असते, बाहेर ठेवले तर आंबत राहते. त्याच दिवशी शिजवा. नाहीतर दहा मिनिटे वाफवून, गार करून फ्रिजमध्ये ठेवा, चार-पाच दिवस टिकते. फ्रिज नसेल तर पातळ काप वाफवून ६० अंशांच्या आसपास खडखडीत वाळवा आणि दळून हवाबंद डब्यात अंधारात ठेवा. १०० ग्रॅम ताज्या टेम्पेची साधारण ४० ग्रॅम पूड होते आणि तिच्यात ४५ टक्क्यांच्या पुढे प्रथिन असते. तेलाचा अंश असल्याने ती खवट होते, म्हणून महिन्याभरात संपेल एवढीच करा.

टेम्पे कच्चे खाऊ नये, मुलांना तर नाहीच. २०१२ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात टेम्पेमधून साल्मोनेलाची मोठी साथ पसरली होती आणि जंतू विरजणातून आले होते. पंधरा-वीस मिनिटांच्या वाफेने हा धोका जातो.

एक गोष्ट ठळकपणे: सोयाबीनऐवजी खोबऱ्याची पेंड वापरून टेम्पे करू नका. जावात त्याला टेम्पे बोंगक्रेक म्हणत. त्यात बर्कहोल्डेरिया जातीचा जिवाणू वाढून बोंगक्रेकिक आम्ल तयार होते. ते शिजवूनही नष्ट होत नाही, आणि त्याने अनेक माणसे दगावली. इंडोनेशियाने १९८८ साली त्यावर बंदी घातली.

नाट्टो आणि किनेमा थोडक्यात

इथे गणित उलटे आहे. दाणे आंबट करायचे नाहीत, टरफल काढायचे नाही, आणि बोटांत चिमटल्यावर लोण्यासारखे दबतील इतके मऊ शिजवायचे. प्रेशर कुकरमध्ये शिजवताना भांडे एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. फेस आणि टरफलांनी शिट्टीची वाट बुजते. नाट्टोचे विरजण दाणे ८० अंशांच्या आसपास गरम असतानाच घालतात, कारण बॅसिलसचे बीजाणू ती उष्णता सोसतात आणि बाकीचे जंतू मरतात. मग दोन-तीन सेंटिमीटरचा थर, वर भोके पाडलेले झाकण, ४० अंशांवर १८ ते २४ तास. चमच्याने उचलल्यावर तार सुटली की झाले. किनेमात दाणे थोडे ठेचून, चिमूटभर लाकडाची राख मिसळून पानांत गुंडाळतात आणि एक ते तीन दिवस उबेला ठेवतात.

ही आंबवणी अल्कधर्मी असते, म्हणजे आम्लाचे संरक्षण तिला नसते. हवा खेळती ठेवणे हाच बचाव. बरणीत घट्ट बंद करून आंबवलेल्या सोयाबीनमधून बोट्युलिझम (जिवाणूच्या विषाने होणारी जीवघेणी विषबाधा) झाल्याच्या घटना चीनमध्ये वारंवार नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून हवाबंद कधीच नको, आणि मुलांसाठी पुन्हा शिजवूनच.

ताटात किती आणि कसे

सोयाबीनमध्ये लायसिन भरपूर आणि मेथिओनिन हे दुसरे आवश्यक अमिनो आम्ल कमी. धान्यात नेमके उलट. तांदळाच्या प्रथिनात दर ग्रॅमला ३६ मिलिग्रॅमच्या आसपास लायसिन असते, सोयाबीनच्या प्रथिनात ६० च्या वर. दोन्ही एकाच जेवणात आले की एकमेकांची उणीव भरून निघते. म्हणून टेम्पे नुसते देऊ नका, धान्याच्या दाट पेजेत मिसळून द्या.

एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी एका वेळचे प्रमाण: ४० ग्रॅम कोरडे तांदूळ किंवा दुसरे धान्य, ३० ग्रॅम टेम्पे, दोन लहान चमचे तेल. टेम्पे वीस मिनिटे वाफवून बारीक कुस्करायचे, शिजलेल्या पेजेत घालून एक उकळी आणायची, तेल शेवटी. यात साधारण २९० किलोकॅलरी आणि साडेआठ ग्रॅम प्रथिन मिळते, म्हणजे १२ टक्के कॅलरी प्रथिनांतून. दिवसातून दोन वेळा दिले की प्रथिनांची गरज पचनातली घट धरूनही भागते; उरलेल्या कॅलरी बाकीच्या खाण्यातून यायला हव्यात. तेल वगळू नका. पेज पातळ झाली की मुलाचे पोट पाण्यानेच भरते. चमचा उलटा केला तर पेज सावकाश घसरावी, ओघळू नये.

वीस मुलांना दोन वेळा द्यायचे तर दिवसाला १.२ किलो टेम्पे लागते, म्हणजे कोरडे सोयाबीन सुमारे ७०० ग्रॅम. भिजवण्यापासून वडी हाती येईपर्यंत अडीच दिवस जातात, त्यामुळे रोज पुरवठा हवा असेल तर एका वेळी तीन घाणे वेगवेगळ्या टप्प्यांवर चालू ठेवावे लागतात. हे जमणार नसेल तर आठवड्यातून दोनदा मोठा घाणा काढून वाफवून ठेवणे बरे.

सहा महिन्यांच्या आत फक्त आईचे दूध. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न रुळले की टेम्पे अर्ध्या चमच्यापासून सुरू करा आणि पुढचे तीन दिवस दुसरा नवा पदार्थ देऊ नका. सोयाबीनची अॅलर्जी आंबवल्याने जातेच असे नाही. अंगावर गांधी, ओठांना सूज, उलट्या दिसल्या तर ताबडतोब थांबवून डॉक्टरांकडे जा. श्वास लागला तर थेट रुग्णालय.

टेम्पेत क जीवनसत्त्व नाही, अ नगण्य. पेजेबरोबर पिवळे-केशरी फळ किंवा हिरवी पालेभाजी आणि लिंबासारखे काही आंबट दिले तर लोहही चांगले शोषले जाते. मीठ आयोडिनयुक्तच वापरा: आयोडीन कमी असलेल्या मुलांत सोयाबीनचा जास्त वापर गलगंडाला हातभार लावू शकतो. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या आईने गोळी आणि सोयाबीन यांत चार तासांचे अंतर ठेवावे. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्याने नाट्टो खाऊच नये, कारण त्यातले के-२ जीवनसत्त्व त्या औषधाच्या थेट विरुद्ध काम करते. टेम्पेचा तसा त्रास नाही.

परिणाम मोजायचा तर दर आठवड्याला एकाच काट्यावर, शक्यतो त्याच वेळी वजन करा आणि दंडघेर घ्या. दोन आठवड्यांत वजन हलले नाही तर टेम्पेचा वाटा वाढवण्याआधी घरात प्रत्यक्ष किती खाल्ले जाते ते बघा. पेज भावंडांत वाटली जाणे हे सगळ्यात जास्त आढळणारे कारण. तिथे सगळे ठीक असेल तर ताप, जुना खोकला, क्षयरोग, जंत, लघवीचा संसर्ग यांची तपासणी करून घ्या. आणि दंडघेर ११५ च्या खाली गेला किंवा पावलांवर सूज दिसली, तर त्याच दिवशी उपचार केंद्र गाठा.